पुन्हा एकपासून

आमच्या मैत्रिणीला आम्ही मोजणी म्हणतो. तोंडावर म्हणतो. तिला राग येत नाही, आणि तो येत नाही याचाच मला राग येतो. हॉस्पिटलात ती ऑपरेशन थिएटरची हेड सिस्टर आहे, अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, तिथे भलेभले डॉक्टर तिला वचकून असतात. पण शाळेच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईच्या हुद्द्याचं कौतुक कोण करत बसतो? आमच्यासाठी मोजणी ती मोजणीच.

ती काय काय मोजते हे सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. जेवायला बसताना ताटं मोजते, उठताना चमचे मोजते. माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथे आली की काउंटरवरच्या फ्रेमा मोजते आणि विचारते, "काल एकेचाळीस होत्या, आज चाळीस. विकली का गं एक?" हो बाई, विकली, दुकान त्यासाठीच उघडलंय. तिच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफर सगळ्या घरच्यांना उभं करून थांबला होता आणि ही त्याच्या शेजारी उभी राहून माणसं मोजत होती. एक जण कमी आहे म्हणून तिने फोटो दहा मिनिटं अडवून धरला. कमी होती ती नवरीची आई, म्हणजे ती स्वतः.

नुसतं मोजलं असतं तर आम्ही चालवून घेतलं असतं. पण तिला समोरच्याने साथ द्यावी लागते. थिएटरमधला नियमच तसा आहे म्हणे. पोटाच्या ऑपरेशनात रक्त टिपायला कापडाच्या जाड घड्या वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. पोट उघडण्याआधी त्या मोजायच्या, शिवण्याआधी परत मोजायच्या. एका सिस्टरने आकडा म्हणायचा, दुसरीने तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा. मध्ये कुणी बोललं, काही पडलं, नुसती शिंक आली तरी आधीचं सगळं रद्द, आणि पुन्हा एकपासून. एखादी घडी आत राहिली तर माणूस आतून सडत जातो, म्हणून हा नियम. थिएटरमध्ये तो शंभर टक्के बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. पण गाडीच्या डिकीत तीन बॅगा ठेवताना मी काय म्हणून मोठ्याने "दोन" म्हणायचं? इतक्या वर्षांत मी एकदाही म्हटलं नव्हतं. ती "एक" म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहायची आणि मी मुद्दाम आकाशाकडे बघायचे.

आमची तिसरी मैत्रीण बेकरीवाली. तिची स्वतःची बेकरी आहे, पहाटे तीनला उठते, म्हणून संध्याकाळी सातनंतर तिच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवायची नाही. स्वभावाने गरीब. माझ्या आणि मोजणीच्या भांडणात ती दोघींनाही "बरोबर आहे तुझं" म्हणते, त्यामुळे भांडण संपता संपत नाही.

आम्ही तिघींनी दोन दिवस समुद्रावर जायचं, हे सहा वर्षं ठरत होतं. सहा वर्षं ते मोजणीमुळे मोडलं. एकदा तिच्या हाताखालची सिस्टर बाळंत झाली, एकदा थिएटरचा एसी बिघडला, एकदा तर आम्ही टोलनाक्यापर्यंत पोचलो होतो आणि फोन आला. तिथून रिक्षा करून ही परत गेली. बेकरीवाली म्हणाली, बरोबर आहे तिचं. मी नाक्यावरच्या बाकावर बसून तिघींच्या वाटचे बिस्किटांचे पुडे एकटीने संपवले.

यंदा मात्र जायचंच होतं, आणि त्याला कारण होतं. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई निवृत्त होत होत्या. त्यांची खुर्ची मोजणीला मिळणार हे जवळजवळ पक्कं होतं, सोमवारी मोठे डॉक्टर जाहीर करणार होते. अठ्ठावीस वर्षांत हिची एकही मोजणी चुकली नाही, हे एकच वाक्य मोठ्या डॉक्टरांनी कमिटीपुढे सांगितलं होतं म्हणे, आणि कमिटी गप्प बसली होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, तिच्यापेक्षा जास्त खूश होते. तेच मला दुकानात येऊन सांगून गेले, "हिला घेऊन जा दोन दिवस. मेट्रन झाली की मलाच अपॉइंटमेंट घ्यावी लागेल."

शुक्रवारी चारला निघायचं होतं. साडेतीनलाच मी गाडी घेऊन हॉस्पिटलच्या गेटवर हजर, मागच्या सीटवर बेकरीवाली उशी घेऊन झोपलेली. चार वाजले. सव्वाचार झाले. मी हॉर्न वाजवला, वॉचमनने पाटी दाखवली. साडेचारला परत वाजवला, तेव्हा तो पाटी हातात घेऊनच आला. पावणेपाचला माझं डोकं सटकलं.

थिएटरच्या भिंतीवरच्या फोनचा नंबर तिने आम्हाला फार पूर्वी देऊन ठेवला होता, कुणी मेलं तरच लावायचा असं बजावून. मी विचार केला, या ट्रिपचा जीव जायचीच वेळ आली आहे, म्हणजे अट पूर्ण होते. लावला. कुणी तरी सिस्टर बोलली. मी गंभीर आवाजात म्हणाले, "घरून बोलतेय. अर्जंट आहे." थोड्या वेळाने मोजणीचा आवाज आला, मास्कमधून, घाबरलेला. "काय झालं?"

"काही झालं नाही. आजच्या आज मला समुद्र बघायचाय. खाली ये."

ती म्हणाली, "आले. दहा मिनिटं."

आणि खरंच, वीस मिनिटांच्या आत ती खाली होती. मी बेकरीवालीला उठवून सांगितलं, बघ, जरा कडक बोललं की कामं होतात. गाडीत बसल्यावर मोजणी एवढंच म्हणाली, "परत असं करू नकोस गं." मी म्हणाले, परत सहा वर्षं लागली तर करेन.

हॉटेल बरं होतं. खोलीत तीन पलंग, एक खिडकी, आणि खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तर समुद्र. मोजणीने आल्या आल्या टॉवेल मोजले, हँगर मोजले, आणि चहाचे कप तीन आहेत पण बश्या चार, हे खाली फोन करून कळवलं. मी कपाळावर हात मारून घेतला. बेकरीवाली तोवर घोरायला लागली होती.

शनिवारी सकाळी मात्र सगळं माफ करावं असं ऊन पडलं होतं. हॉटेलच्या मागून पायऱ्या थेट वाळूवर उतरत होत्या. दगडी पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा. मोजणीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "एक." मी कठड्याकडे बघितलं. तिने सवयीप्रमाणे माझी आशा सोडली आणि एकटीच मोजत उतरायला लागली. अर्ध्यावर बेकरीवालीला आठवलं, "अगं, मी निघताना मोठी भट्टी बंद केली होती का?"

"केली होतीस. काल गाडीत तूच दोनदा सांगितलंस," मोजणी म्हणाली आणि पुढे मोजत राहिली. खाली पोचल्यावर तिने जाहीर केलं, "एकशे अठरा."

"अभिनंदन," मी म्हणाले.

मग वीस मिनिटं मी अगदी सुखात होते. सहा वर्षं ज्या वीस मिनिटांसाठी मी भांडत होते ती हीच. बेकरीवाली सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी होती आणि प्रत्येक लाटेला ओरडत होती. मोजणीने चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या, पाय ओले केले आणि हसली. तिचे दात किती सुंदर आहेत हे मी विसरूनच गेले होते, सतत मास्कमध्ये असते ना. मी मनात म्हटलं, चला, हॉर्न सत्कारणी लागला.

चहासाठी वर निघालो. ती परत मोजत होती. वर पोचल्यावर थांबली. "एकशे सतरा," ती म्हणाली.

"मग?"

"उतरताना एकशे अठरा होत्या."

"एक समुद्राने नेली असेल. चल, चहा थंड होईल."

ती वळली आणि पायऱ्या उतरायला लागली. बावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, तळापर्यंत गेली आणि मोजत वर आली. एकशे सतरा. आता मला खरंच राग आला होता. मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, की बाई गं, पायऱ्यांवर कुणाचं पोट शिवायचं नाहीये, एक इकडे तिकडे झाली तर कुणी मरणार नाही.

ती वरच्या पायरीवर बसली. चेहरा पांढरा पडला होता.

"हिने भट्टीचं विचारलं," ती बेकरीवालीकडे बघून म्हणाली, "तेव्हा मी त्रेसष्टवर होते. उत्तर दिलं आणि पासष्टपासून सुरू केलं. चौसष्ट मी म्हटलंच नाही. मला कळलंसुद्धा नाही."

"बरं मग?"

"काल पण मी मध्येच थांबले होते."

मग तिने सांगितलं. शुक्रवारची शेवटची पेशंट एक बस कंडक्टर होती, आतड्याला पीळ पडलेला, तातडीचं ऑपरेशन. वीस मॉप काढले होते. शिवण्याआधी मोजताना बारा झाले आणि मध्ये खंड पडला. दुसरी सिस्टर बाजूला गेली, तिचा आकडा म्हणणारा आवाज थांबला. "परत आलो तेव्हा पुन्हा एकपासून सुरू करायला हवं होतं. मी केलं नाही. मी पुढे मोजलं. वीस भरले. मी सही केली." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "तेरा म्हटल्याचं मला आठवत नाहीये. रात्रभर आठवायचा प्रयत्न करतेय."

"खंड कशाने पडला?" बेकरीवालीने विचारलं.

"आलं काहीतरी मध्ये," मोजणी म्हणाली, आणि समुद्राकडे बघायला लागली.

बेकरीवाली माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने "बरोबर आहे तुझं" म्हटलं नाही. मला आठवलं. पावणेपाच, भिंतीवरचा फोन, घरून बोलतेय, अर्जंट आहे.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस चुकला की त्याची जीभ जास्त चालते, निदान माझी तरी. मी मोजणीला समजावायला लागले. म्हणाले, पायऱ्यांवर चुकलीस म्हणून तिथेही चुकलीस असं थोडंच आहे? वीस भरले ना? मग झालं. आणि आज फोन करून चूक झाली म्हणशील, एक्स-रे काढतील, काही निघणार नाही, आणि सोमवारी खुर्ची दुसरीला जाईल. अठ्ठावीस वर्षांत एकही चूक नाही, या एका वाक्यावर मिळतेय ती तुला. दोन दिवस थांब. सोमवारी खुर्चीवर बस आणि मग हवे तेवढे एक्स-रे काढ.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती कंडक्टर थांबेल का सोमवारपर्यंत?"



मोबाइलला रेंज फक्त खोलीच्या खिडकीत येत होती. तिथे अर्धं अंग बाहेर काढून तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज आम्हाला पलंगापर्यंत ऐकू येत होता.

"सिस्टर, मोजणी बरोबर आहे म्हणून तुम्ही स्वतः सही केलीय."

"हो सर. ती सही चुकीची असू शकते."

"असू शकते म्हणजे? आहे की नाही?"

"माहीत नाही सर. म्हणून एक्स-रे काढा. मॉप आत असेल तर त्यातला एक्स-रेचा दोरा दिसेल."

"सोमवारी काय आहे, लक्षात आहे ना तुमच्या?"

"आहे सर. आत्ता लगेच काढा."

तो आवाज बंद झाला. ती खिडकीतून आत आली, पलंगाच्या कडेवर बसली. पुढचे दोन तास आमचा तिघींचा जीव टांगणीला लागला होता. बेकरीवालीने स्वतःच्या हातचा केक कापला, कुणी खाल्ला नाही. माझं काय चाललं होतं सांगू? मी देवाजवळ मागत होते की काही निघू नये. पेशंटसाठी मागत होते असं म्हणायला मला आवडलं असतं. मी स्वतःसाठी मागत होते.

आणि मोजणी, जी कधी गप्प बसत नाही, जिचे ओठ सतत हलत असतात, ती काहीच मोजत नव्हती. टेबलावर तीन कप आणि चार बश्या तशाच होत्या. ते बघून मला रडू फुटायला आलं. मोज ना बाई काहीतरी, असं मला ओरडावंसं वाटलं.

एकला फोन वाजला. ती खिडकीत गेली. "हो सर... डावीकडे... हो... कोण आहे ड्युटीवर?... बरं." फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. "आहे आत. आत्ता घेतायत तिला थिएटरला. ताप चढायला लागलाच होता."

परतीचा तीन तासांचा रस्ता मी अडीच तासांत कापला. सहा वर्षांनी मिळालेला समुद्र आरशात मागे गेला तेव्हा मी वळूनही बघितलं नाही. गाडीत बेकरीवालीसुद्धा जागी होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. मॉप निघाला होता, कंडक्टर वॉर्डात होती आणि तिचा भाऊ बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. मोजणी सरळ त्याच्याकडे गेली. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काल मोजणी मी केली होती. चूक माझी आहे." तो तिला काय वाटेल ते बोलला. ती मान खाली घालून सगळं ऐकत उभी राहिली. मी दहा पावलांवर होते आणि माझे पाय पुढे पडत नव्हते.

नंतर थिएटरबाहेरच्या छोट्या ऑफिसात ती चुकीचा रिपोर्ट लिहायला बसली. छापील फॉर्म होता. पेशंट, वेळ, काय झालं. शेवटी एक चौकोन होता, चूक होण्याचं कारण. तिने तिथे लिहिलं, मोजताना लक्ष विचलित झालं, मोजणी पुन्हा सुरुवातीपासून केली नाही. आणि खाली सही केली.

माझा संयम तिथे संपला. मी म्हणाले, "फोन लिही."

"कसला फोन?"

"वेड पांघरू नकोस. मी केलेला फोन लिही. खोटं बोलून केलेला. माझं नाव लिही, दुकानाचा पत्ता लिही. जिने फोन घेतला त्या सिस्टरला विचारा म्हणावं. तुझी खुर्ची माझ्यामुळे जातेय आणि तू मूग गिळून बसलीस? सकाळपासून मला एक शब्द बोलली नाहीस! शिव्या दे ना मला!"

तिने पेनाला टोपण लावलं.

"अगं, फोन तुझा होता," ती म्हणाली. "पण तो मी घेतला. मी नाही म्हणायला हवं होतं. आणि घेतल्यावर पुन्हा एकपासून मोजायला कुणी अडवलं होतं मला? तुझा हॉर्न ऐकू येत होता. मला वाटलं, सहा वर्षं झाली, बिचारी खाली ताटकळतेय."

बिचारी. या शब्दाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी मेट्रनची खुर्ची दुसऱ्या विभागातल्या एका बाईंना मिळाली. कंडक्टर तीन आठवड्यांनी घरी गेली. जाताना तिने मोजणीला ना हात जोडले, ना शिवी दिली, नुसतं बघितलं, असं मोजणीनेच मला सांगितलं. भावजींनी काही दिवस माझ्या दुकानावरून जाताना मान फिरवली, मग एक दिवस आत येऊन चष्म्याची काडी घट्ट करून घेतली. त्यांच्याशी मी नजर मिळवू शकले नाही, काडीच बघत राहिले.

आणि मोजणी होती तिथेच आहे. थिएटरमध्ये, मास्क लावून, मॉप मोजत.

परवाच्या शुक्रवारी आम्ही परत निघालो, तोच समुद्र, तेच हॉटेल. चारची वेळ ठरली होती. मी साडेतीनला गेटवर होते. पाच वाजले, सहा वाजले. वॉचमन दोनदा येऊन गाडीत डोकावून गेला, हॉर्न कसा वाजत नाही याची त्यालाच काळजी लागली होती. माझा फोन मी बेकरीवालीच्या उशीखाली ठेवायला दिला होता. मी मनातल्या मनात हॉस्पिटलला, थिएटरला आणि जगातल्या यच्चयावत आतड्यांना शिव्या घालत होते, पण मनातल्या मनात. सव्वासहाला ती खाली आली. सॉरीबिरी काही नाही. सरळ डिकी उघडली आणि बॅगा रचायला लागली. या वेळी सहा होत्या, बेकरीवालीने केकचे खोके आणले होते.

"एक," ती म्हणाली आणि सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"एक," मी म्हणाले.

तिचा हात क्षणभर बॅगेवरच राहिला. मग दोन. तीन. चार झाल्यावर मागच्या सीटवरून बेकरीवालीचा झोपेतला आवाज आला, "अगं, मी भट्टी बंद केली होती का?"

मोजणी थांबली. घड्याळात साडेसहा होत होते, समुद्र तीन तासांवर होता आणि अंधार पडायला लागला होता. मी एक शब्दही न बोलता चारही बॅगा पुन्हा खाली उतरवल्या.